रंग ब्याडगीचा, तिखट शून्य: एका अँटिबॉडीचा पाच वर्षांनी लिहिलेला रिव्ह्यू

प्रॉडक्ट काय, तर सशात बनवलेली पॉलिक्लोनल अँटिबॉडी, टीआरपीव्ही१ नावाच्या प्रोटीनविरुद्ध. माल ५० मायक्रोलिटर, म्हणजे डोळ्यात घालायच्या औषधाचा साधारण एक थेंब. हातात पडेपर्यंत ४२ हजार रुपये आणि सात आठवडे. मी पुण्यात एका सरकारी इन्स्टिट्यूटमध्ये पीएचडी करते, शेवटचं वर्ष (असं गेली दोन वर्षं सांगतेय), आणि ही बाटली आतापर्यंत तीनदा आमच्या लॅबमध्ये आली, तिन्ही वेळा वेगळा लॉट, म्हणजे वेगळ्या वेळी बनवलेली खेप. कंपनीचं नाव लिहीत नाहीये आणि कमेंटमध्ये विचारू पण नका, कारण हा काही एकाच कंपनीचा प्रकार नाही, उद्या तुम्ही दुसरीकडून घ्याल, तिथंही हेच होईल आणि मग मला शिव्या घालाल.

रेटिंग पाहिजे असेल तर पहिला लॉट साडेचार स्टार, दुसरा शून्य, तिसरा अडीच. आता एकाच कॅटलॉग नंबरला तीन रेटिंग कशी हे ज्याला कळलं त्याने पुढचं नाही वाचलं तरी चालेल.

ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मिरची खाल्ली की तोंड भाजतं असं आपण म्हणतो पण खरं काही भाजत नसतं, मिरचीतलं कॅप्सेसिन नसांच्या टोकांवरच्या टीआरपीव्ही१ ला चिकटतं आणि तेच प्रोटीन साधारण ४३ डिग्रीच्या वर चटका बसला की पण उघडतं, त्यामुळे आतून मेंदूला निरोप एकच जातो, की भाजलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या डेव्हिड ज्युलियसच्या लॅबने १९९७ ला याचा जीन शोधला आणि २०२१ ला त्यांना आर्डेम पॅटापुटियनबरोबर नोबेल मिळालं. (पोपट हिरव्या मिरच्या कचाकचा का खातो त्याचं उत्तर पण यातच आहे, पक्ष्यांचं हे प्रोटीन कॅप्सेसिनला दाद देत नाही.) हे असतं कुठं, तर मणक्याच्या दोन्ही बाजूंना छोट्या छोट्या गाठी असतात, डीआरजी म्हणतात त्यांना, स्पर्श, चटका, खाज, वेदना सगळं ओळखणारे न्यूरॉन तिथं दाटीवाटीने बसलेले असतात. उंदरातली एक गाठ मोहरीच्या दाण्याएवढी आणि तिच्यात हजारो न्यूरॉन. त्यातल्या नेमक्या कुणात टीआरपीव्ही१ आहे आणि पाय सुजवल्यावर ते वाढतं का, हा माझा प्रश्न. आणि ते बघायचं साधन म्हणजे ही अँटिबॉडी. ती प्रोटीनला जाऊन चिकटते, तिच्यावर दुसरी (सेकंडरी) चमकणारी अँटिबॉडी चिकटते, मायक्रोस्कोपखाली जे चमकेल ते आपलं प्रोटीन.

म्हणजे चमकेल ते आपलंच प्रोटीन, असं आपण समजतो.

पहिला लॉट आला तेव्हा मी अगदी नवीन होते. पार्सल आलं तेव्हा जेल पॅक पार पाणी झालेले, विमानतळावर कस्टम्समध्ये मध्ये कसली तरी सुट्टी पडली होती म्हणे, मला वाटलं गेले पैसे. पण आतली पावडर फ्रीझ-ड्राय केलेली असते, तिला तेवढं काही होत नाही. सिनियर दादाने एकच गोष्ट शिकवली आणि ती आजपर्यंत कामाला येते, बाटली उघडायच्या आधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घे, नाहीतर ४२ हजारांतले पाच हजार झाकणाला चिकटून राहतात. मग पावडर विरघळवून ५ ५ मायक्रोलिटरचे अलिकॉट, म्हणजे छोटे वाटे, करून उणे वीसच्या फ्रीझरला.

आणि स्टेनिंग काय आलं होतं म्हणून सांगू! गाठीचा १२ मायक्रॉनचा पातळ काप (सेक्शन), १:५०० डायल्युशन, रात्रभर ४ डिग्रीला. दुसऱ्या दिवशी बघते तर छोटे छोटे गोल न्यूरॉन हिरवे आणि मधले मोठे न्यूरॉन काळेच, जसं पुस्तकात असतं तसं. उंदरात टीआरपीव्ही१ असलेले न्यूरॉन बहुतेक सगळे छोटे असतात आणि त्यातले पुष्कळसे सीजीआरपी नावाचं पेप्टाइड पण बनवतात, तर सीजीआरपीचा लाल रंग वर टाकला की हिरव्या-लालचा पिवळा मस्त जुळत होता. मॅडमनी (माझ्या गाईड) ते चित्र त्यांच्या टॉकमध्ये लावलं. मी आईला व्हॉट्सॲपवर पाठवलं, ती म्हणाली रांगोळी छान आहे.

दीड वर्षात तो संपला. म्हणजे जवळपास संपला, त्याचं पुढे सांगते.

दुसऱ्यांदा मागवायचं म्हणजे सगळी वरात पुन्हा. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर मिळत नाही याचा कागद तेव्हा लागायचा, ही वस्तू दुसरं कुणी बनवत नाही असं प्रोप्रायटरी सर्टिफिकेट, परचेसवाले म्हणतात तीन कोटेशन आणा, आता तीन कोटेशन कुठून आणू, वस्तूच एकाची आहे. शेवटी मार्चएंडला ग्रँट संपवायची घाई झाली तेव्हा फाइल हलली. तोच कॅटलॉग नंबर, तेच लेबल, फक्त खाली बारीक अक्षरात लॉट नंबर वेगळा. मी बघितलाही नाही. कोण बघतं?

तेच सेक्शन, तेच डायल्युशन, तेच बफर. आणि सगळंच हिरवं. छोटे न्यूरॉन हिरवे, मोठे न्यूरॉन हिरवे, न्यूरॉनभोवती ज्या सॅटेलाइट ग्लिया नावाच्या मदतनीस पेशी असतात त्यांची कडा पण हलकी हिरवी. मॅडम मागून आल्या, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाल्या, "काय गं, डीआरजी आहे का मटारची उसळ?"

पहिले तीन आठवडे मी स्वतःलाच दोष देत होते. डायल्युशन १:१००० केलं, १:२००० केलं, नुसतं सगळं फिकट हिरवं झालं, पॅटर्न तोच. ब्लॉकिंग, म्हणजे अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून आधी लावायचा लेप, वाढवलं. ट्रायटन नावाचा साबण कमी केला. नुसती सेकंडरी टाकून बघितली, तर स्वच्छ काळं, म्हणजे सेकंडरीचा दोष नाही. मग एनएफ२०० बरोबर लावलं. हा मोठ्या, मायलिनवाल्या न्यूरॉनचा मार्कर, त्यांच्यात टीआरपीव्ही१ फारसं असायला नको, आणि इथं एनएफ२०० चा प्रत्येक टपोरा न्यूरॉन हिरवा पण चमकतोय. तिथं पहिल्यांदा डोक्यात आलं की चूक माझी नाहीये.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे उन्हाळ्यात चटणी कुटून आणतात, कांदा लसूण मसाला, त्यात ब्याडगी रंगासाठी आणि लवंगी तिखटासाठी. नुसती ब्याडगी घातली की रस्सा लालभडक दिसतो पण जिभेला काही लागत नाही, पाहुणा घाबरत घाबरत वाटी उचलतो आणि मग तिसरी वाटी मागतो. हा दुसरा लॉट म्हणजे शंभर टक्के ब्याडगी. दिसायला झकास. तिखट आहे का बघायचं तर चाखूनच बघावं लागणार, आणि सुदैवाने टीआरपीव्ही१ हे असं प्रोटीन आहे की ते खरंच चाखून बघता येतं!

चाखून म्हणजे असं. डीआरजी काढून न्यूरॉन सुटे करायचे, खाली चौकटी कोरलेल्या कव्हरस्लिपवर (पातळ काचेवर) वाढवायचे, त्यांच्यात फ्युरा-२ नावाचा रंग भरायचा, म्हणजे आत कॅल्शियम शिरलं की रंगाचं गुणोत्तर बदलतं, आणि वरून १ मायक्रोमोलर कॅप्सेसिन सोडायचं. ज्या न्यूरॉनमध्ये चालू टीआरपीव्ही१ आहे तो टणकन उडी मारतो, ग्राफवर रेघ सरळ वर. बाकीचे ढिम्म. शेवटी पोटॅशियम क्लोराइड टाकलं की जिवंत असलेले सगळेच उडतात, म्हणजे ढिम्म बसलेले मेलेले नव्हते हे कळतं. मग तीच कव्हरस्लिप फिक्स करायची, म्हणजे पेशी रसायनाने घट्ट करायच्या, अँटिबॉडी लावायची, आणि चौकटीवरून तोच न्यूरॉन पुन्हा शोधायचा, डी रांगेतला सातवा चौकोन, डाव्या कोपऱ्यातला, शेजारी जुळ्यासारखा दुसरा असलेला. डोळ्यांची वाट लागते. पण ज्युलियसच्या लॅबने मुळात हा जीन पकडला तो पण असाच, अँटिबॉडी न वापरता. डीआरजीतल्या जीन्सची लायब्ररी दुसऱ्या पेशींत घालून, कॅप्सेसिन टाकल्यावर कोणत्या पेशीत कॅल्शियम उसळतं ते बघत बघत.

पहिल्या लॉटचे काही अलिकॉट उरले होते, त्यामुळे दोन्ही लावून बघितले. पहिल्या लॉटमध्ये उडी मारणारे बहुतेक सगळे हिरवे आणि ढिम्मवाले बहुतेक काळे, दोनचार इकडेतिकडे, तेवढं चालतंच. दुसऱ्या लॉटमध्ये उडी मारणारे पण हिरवे, ढिम्म पण हिरवे. वर्गात मास्तरांनी विचारलं उत्तर कुणाला येतं आणि सगळ्या वर्गाने हात वर केला, तसं.

तरी कंपनीला पटवायचं तर नॉकआउट पाहिजे. टीआरपीव्ही१ चा जीनच मोडलेले उंदीर २००० सालापासून आहेत, पण बाहेरून उंदीर आणायचे म्हणजे परवानग्या, क्वारंटाइन, कमिटी, तोवर माझी फेलोशिप संपली असती. मॅडमच्या ओळखीच्या एका लॅबने परदेशातून फिक्स केलेल्या डीआरजीचे सेक्शन स्लाइडवर चढवून पाठवले, चार साधे आणि चार नॉकआउट, कुठलं कुठलं ते मी दादाला झाकून ठेवायला लावलं, स्लाइडवर नुसते आकडे. रात्री साडेनऊला कॉन्फोकल मायक्रोस्कोप मिळाला (दिवसा सिनियर लोकांचं बुकिंग). निम्म्या स्लाइडना पहिला लॉट लावलेला, निम्म्यांना दुसरा, एक ते आठ एकाच लेझर पॉवरला, एकाच गेनला स्कॅन केल्या. दुसऱ्या लॉटच्या चार स्लाइड एकमेकींच्या बहिणी वाटत होत्या. मी वहीत लिहिलं की यातली कुठली नॉकआउट आहे ते सांगू शकत नाही, मग दादाने कागद उघडला आणि दोन होत्या. जे प्रोटीन त्या उंदरात नाहीच, ते मला टपोरं हिरवं दिसत होतं. पहिल्या लॉटच्या चारांत मात्र दोन स्लाइड जवळपास काळ्या होत्या, त्या मी लगेच ओळखल्या. एसीच्या गारठ्यात तिथं बसून मी पहिलं गणित काय केलं असेल तर या लॉटवर माझे किती महिने गेले याचं. पाच.

कस्टमर सपोर्ट. पहिलं उत्तर, "कृपया आमचा प्रोटोकॉल वापरा." वापरला. दुसरं, "तुमचं टिश्यू ओव्हरफिक्स झालं असेल." नव्हतं झालं. तिसरं उत्तर मात्र एका माणसाने नीट विचार करून दिलं होतं, त्याचे मार्क मी देते. तो म्हणाला की या नॉकआउट उंदरात पूर्ण जीन उडवलेला नाहीये, छिद्राच्या भागाचा तुकडा काढलेला आहे, तर अर्धवट प्रोटीन उरून अँटिबॉडी त्याला चिकटत असेल. मुद्दा बरोबर आहे, नॉकआउट म्हणजे देववाणी नव्हे, नेमकं काय कापलंय आणि आपली अँटिबॉडी कुठल्या टोकाला चिकटते ते जुळवून बघावंच लागतं. फक्त आमची अँटिबॉडी शेपटीकडच्या, म्हणजे सी-टर्मिनसच्या पेप्टाइडविरुद्ध बनवलेली आणि कापाकापी त्याच्या आधी, त्यामुळे हा बचाव लंगडा. आणि मग पहिला लॉट त्याच उंदरात गप्प का बसला? यावर उत्तर नाही, पण एक नवी बाटली फुकट आली. तिसरा लॉट. बरा आहे, मोठे न्यूरॉन थोडे हिरवट दिसतात, वेस्टर्न ब्लॉटला, म्हणजे प्रोटीन आकारानुसार वेगळी करून बघायच्या टेस्टला, ९५ किलोडाल्टनला पट्टा येतो पण खाली दोन आगंतुक पट्टे पण येतात. अडीच स्टार.

असं का होतं ते समजून घेतलं तर राग जरा कमी होतो. पॉलिक्लोनल म्हणजे सशाला पेप्टाइड टोचलं, त्याच्या रक्तात जे शेकडो प्रकार तयार झाले त्यांचं मिश्रण. तो ससा संपला की पुढचा ससा, त्याचं रक्त वेगळं, त्याचा मसाला वेगळा. आजी आणि शेजारच्या काकू एकाच दुकानातून मिरची आणतात तरी चटणी एक लागत नाही तसं. मोनोक्लोनल म्हणजे एकाच पेशीची पैदास, कोहलर आणि मिलस्टाइनने १९७५ ला ती युक्ती काढली, त्यात हा गोंधळ कमी, आणि रिकॉम्बिनंट म्हणजे अँटिबॉडीचा सिक्वेन्सच लिहून ठेवलेला, कधीही पुन्हा बनवा. २०१५ ला ब्रॅडबरी आणि प्लूकथुन यांनी शंभरावर लोकांच्या सह्या घेऊन 'नेचर'मध्ये लिहिलंच होतं की सिक्वेन्स माहीत नसलेल्या अँटिबॉडी वापरणं बंद करा. आम्ही ते जर्नल क्लबमध्ये वाचलं, माना डोलावल्या, आणि पुढच्या आठवड्यात पॉलिक्लोनल मागवली.

आता डेटाशीटबद्दल, कारण आपण सगळे फसतो ते इथंच. फोटो बहुतेक वेळा लॅबमध्ये वाढवलेल्या एचईके नावाच्या पेशींचा असतो, ज्यांच्यात ते प्रोटीन बाहेरून कोंबून भरलेलं असतं. अशा पेशीत अँटिबॉडीने प्रोटीन ओळखलं म्हणजे मांडवात मुंडावळ्या बांधलेला नवरदेव ओळखला. तोच माणूस रविवारी संध्याकाळी स्वारगेटच्या गर्दीत साध्या शर्टात शोधून दाखव म्हणावं, खरा डीआरजी तो. दुसरी फसवी गोष्ट ब्लॉकिंग पेप्टाइड. अँटिबॉडीत तिचं पेप्टाइड मिसळलं की स्टेनिंग गेलं, म्हणून ती खरी, असं लिहिलेलं असतं. अरे पण ज्या अँटिबॉडी भलत्याच प्रोटीनला चिकटत होत्या त्या पण पेप्टाइडमध्ये अडकून पडणारच ना. माझ्या दुसऱ्या लॉटमध्ये पेप्टाइड टाकलं की हिरवं साफ जात होतं! तिसरं, "इतक्या पेपरमध्ये वापरली आहे." ते पेपर कुठल्या लॉटवर झाले ते मेथड्समध्ये कुणीच लिहीत नाही, मी पण माझ्या पहिल्या पेपरमध्ये लिहिलं नव्हतं.

आणि हे सगळं फक्त माझ्या एका बाटलीपुरतं असतं तर ठीक. मेंदूत टीआरपीव्ही१ सगळीकडे पसरलेलं आहे असं बऱ्याच अँटिबॉडीवाल्या पेपरांत यायचं, मग २०११ ला रिपोर्टर उंदीर वापरून बघितलं, म्हणजे जिथं जीन चालू तिथं पेशी स्वतःच खूण दाखवते, तर मेंदूत अगदी मोजक्या जागा निघाल्या. ज्यांनी त्यावर थिसिस लिहिले असतील त्यांची झोप आठवून मला अजून कसंतरी होतं.

लॅबमधल्या बाकीच्या मार्करांचं पटपट सांगते. सीजीआरपी घ्या, डोळे झाकून घ्या असं म्हणत नाही पण एक डोळा झाकून चालेल, पेप्टाइड भरपूर असतं, थैल्यांत साठवलेलं, दाणेदार छान दिसतं. फक्त सीजीआरपीच्या दोन प्रकारांतला अल्फा की बीटा ते तिला विचारू नका, उंदराच्या थोरल्या भावात, म्हणजे रॅटमध्ये, दोघांत एका अमिनो ॲसिडचा फरक. एनएफ२०० ची एन५२ क्लोनवाली मोनोक्लोनल, पाच वर्षांत एकदाही दगा नाही, लॅबमधली सगळ्यात सरळ मुलगी. आयबी४ मुळात अँटिबॉडीच नाही, एका आफ्रिकन झाडाच्या बियांतलं लेक्टिन आहे, साखरेला चिकटतं, स्वस्त आणि मस्त, पण बफरमध्ये कॅल्शियम पाहिजे हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी एक आठवडा ईडीटीएवाल्या बफरमध्ये ते लावत बसले होते, ईडीटीए कॅल्शियम गिळून टाकतं. पिएझो२, स्पर्शाचं प्रोटीन, २८०० च्या आसपास अमिनो ॲसिडचं धूड, त्याचा वेस्टर्न ब्लॉट मी दोनदा केला आणि सोडून दिला, जेलमधून मेम्ब्रेनवर चढायलाच तयार नाही. आणि हो, टीआरपीव्ही१ काय, पिएझो काय, अशी मेम्ब्रेनमधून अनेकदा आरपार जाणारी प्रोटीन ९५ डिग्रीला उकळू नका हो, गोळा होऊन जेलच्या तोंडाशी बसतात. ३७ ला अर्धा तास ठेवा, पुष्कळ होतं.

एनएव्ही१.७ वर मात्र थांबावं लागेल. हे सोडियम चॅनेल बंद पडलं तर माणसाला वेदनाच कळत नाही, २००६ ला पाकिस्तानातल्या काही कुटुंबांवरून ते सिद्ध झालं, त्यामुळे जगातल्या वेदनेवर काम करणाऱ्या सगळ्या लॅबना याची अँटिबॉडी पाहिजे. अडचण अशी की हे धरून नऊ भाऊबंद, सगळे एका चेहऱ्याचे, त्यातले एनएव्ही१.८ आणि १.९ पण डीआरजीतच राहतात. २०१४ ला 'सेल' या जर्नलमध्ये एक मोनोक्लोनल आली, एसव्हीमॅब१, ती एनएव्ही१.७ ला चिकटून ते बंदच करते, उंदरांची वेदना आणि खाज कमी करते, केवढा गाजावाजा. २०१६ ला दुसऱ्या गटाने त्याच सिक्वेन्सवरून ती बनवली तर काहीच परिणाम दिसला नाही. मूळ गटाने नंतर पुन्हा परिणाम दिसतो म्हणून छापलं. आमच्याकडे एक बाटली होती, दुसऱ्याच कुणाची, तिचं स्टेनिंग इतकं सुंदर यायचं की दाखवावंसं वाटायचं, पण आमच्याकडे नॉकआउट नाही, म्हणून ते चित्र थिसिसमध्ये नाही. मॅडमशी यावरून भांडण पण झालं. त्यांचं म्हणणं पुरवणीत टाक. मी म्हटलं, "मॅडम, व्हायवाला विचारलं तर तुम्ही उत्तर द्याल का?" मग त्या हसल्या.

एक माझाच गाढवपणा पण सांगते, अक्षरशः गाढवपणा. एकदा शेळीत बनवलेली प्रायमरी (प्रोटीनला चिकटणारी पहिली अँटिबॉडी) आणली, तिला सेकंडरी लागते डाँकी अँटी-गोट, आणि मी सवयीने ब्लॉकिंग केलं गोट सीरमने. म्हणजे आख्ख्या सेक्शनवर मीच शेळीचं प्रोटीन माखून ठेवलं आणि वर शेळी शोधणारं गाढव सोडलं. सगळा सेक्शन दिवाळी! तेव्हा पण मी आधी अँटिबॉडीवरच आळ घेतला होता, कंपनीला मेल लिहून तयार होती, पाठवायच्या आधी दादाने बाटल्या बघितल्या म्हणून इज्जत वाचली. ॲनिमल हाऊसच्या काकांना हा किस्सा फार आवडतो, दिसले की विचारतात, "काय ताई, आज गाढव का शेळी?"

तर आता मी घेताना काय करते. आधी मॉन्ट्रियलच्या वायकॅरॉस नावाच्या गटाचा रिपोर्ट आहे का बघते. ते लोक कंपन्यांकडूनच अँटिबॉडी घेऊन, जीन उडवलेल्या पेशी आणि साध्या पेशी शेजारी शेजारी ठेवून तपासतात आणि सगळं फुकट, उघड टाकतात. २०२३ ला त्यांनी ६५ प्रोटीनसाठीच्या ६१४ अँटिबॉडींचा हिशोब छापला. निम्म्याहून जास्त कुठल्या ना कुठल्या टेस्टमध्ये आपटल्या, रिकॉम्बिनंट सगळ्यात बऱ्या निघाल्या, आणि आपटलेल्या अँटिबॉडी प्रत्येक प्रोटीनमागे सरासरी डझनभर पेपरांत वापरून झालेल्या होत्या. चांगली गोष्ट अशी की हे दाखवल्यावर बऱ्याच कंपन्यांनी काही माल काढून घेतला किंवा शिफारस बदलली. पण तिथं पास झाली म्हणजे डीआरजीत पास असं नाही, ते वाढवलेल्या पेशी वापरतात, आपण पीएफए या रसायनाने घट्ट केलेला टिश्यू. दुसरं दुकान म्हणजे कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसचं न्यूरोमॅब, २००५ पासूनचं, न्यूरॉनच्या प्रोटीनसाठीच काढलेलं, जमेल तिथं नॉकआउट मेंदूवर तपासतात, बऱ्याच अँटिबॉडींचे सिक्वेन्स खुले केलेत. तक्रार एकच की त्यांच्या बऱ्याचशा उंदरात बनवलेल्या आणि माझा टिश्यू पण उंदराचा, म्हणजे सेकंडरी घरच्याच अँटिबॉडींना पण चिकटते, फॅब (अँटिबॉडीचा तुकडा) वगैरे लावून तोंड बंद करावं लागतं, एक दिवस जास्त. रॅटवाल्यांची मजा आहे.

आणि जिथं भरवशाची अँटिबॉडीच नाही तिथं मी आता हट्ट सोडला, सरळ आरएनए, म्हणजे जीनवरून उतरलेला निरोप, बघते. प्रोटीन नव्हे हे मान्य, न्यूरॉनचं अंग डीआरजीत आणि त्याचं टोक पायाच्या अंगठ्यात, टोकाशी प्रोटीन पोचलं का ते आरएनए सांगणार नाही, त्याला अँटिबॉडीच लागते. म्हणून तर एवढा जीव काढतोय.

अँटिबॉडी वाईट असं कुणी समजू नका, प्लीज. १९६० ला रीटा लेव्ही-माँटालचिनीने एनजीएफ नावाच्या प्रोटीनविरुद्धचं सीरम नवजात उंदरांना टोचलं आणि त्यांच्या सिम्पथेटिक नसांच्या गाठी जवळपास नाहीशा झाल्या, तेवढ्या एका प्रयोगाने कळलं की ते प्रोटीन नसेल तर हे न्यूरॉन जगत नाहीत. सीजीआरपीच्या वाटेवर काम करणाऱ्या अँटिबॉडी २०१८ पासून मायग्रेनचं औषध म्हणून विकल्या जातात. फरक एवढाच की औषधाच्या बाटलीला कुणीतरी वर्षानुवर्षं तपासून परवानगी देतं आणि आमच्या बाटलीवर "फक्त संशोधनासाठी" छापलं की विषय संपला. तपासायचं ते आम्ही, पैसे पण आमचेच, म्हणजे तुमच्या टॅक्सचे.

मागवताना फक्त एक करा, कंपनीला आधी मेल टाका की आत्ता स्टॉकमध्ये कुठला लॉट आहे आणि छोटं सँपल देता का. दहातले चारपाच देतात. चांगला लॉट सापडला की त्या दिवशी परचेसवाल्यांच्या पाया पडून तोच लॉट दोनतीन बाटल्या घेऊन ठेवा. आम्ही घेतला नाही.

पहिल्या लॉटचे तीन अलिकॉट अजून आहेत. उणे वीसच्या तिसऱ्या कप्प्यात, डब्यावर मार्करने माझं नाव, तारीख आणि "हात लावू नये". नवीन आलेल्या ज्युनियरने परवा विचारलं, ताई, एक देता का, माझं फक्त एकच कंट्रोल राहिलंय. मी तिला तिसऱ्या लॉटचा दिला.